सिद्धगडच्या पायथ्याशी

शरद ऋतू म्हटला की परदेशी कॅलेंडरांवर लाल-पिवळी पाने गळताना दिसतात. आपल्या ठाणे-रायगडकडे तसे काही होत नाही. सागाची पानगळ व्हायची ती हिवाळा सरता सरता. आपला शरद ओळखायचा तो भातावरून. आश्विन लागला की हळवे भात पिवळे पडते, ओंब्या वाकतात, बांधावर तेरडा गुलाबी होतो आणि तीन महिने ढगात दडलेले डोंगर एका सकाळी अचानक समोर उभे राहतात. शहरात आपण या दिवसांना ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून नावे ठेवतो आणि पंखा वाढवतो. पण घरात कॅमेरा असो वा साधा मोबाइल, वर्षातला सगळ्यात चांगला उजेड याच दिवसांत मिळतो. पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्या भागातून माघार घेतो. हवेतली धूळ धुऊन गेलेली असते, रान अजून हिरवे असते आणि सूर्य दक्षिणेकडे कलू लागल्याने ऊन जरा तिरपे पडते. हे दिवस फार थोडे असतात. दिवाळी उलटली की गवत वाळते आणि डोंगर तपकिरी होतात.

म्हणून यंदा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आम्ही दोन घरची मिळून नऊ माणसे कल्याणहून सिद्धगडच्या पायथ्याला गेलो. दादीमा, अब्बा-अम्मी, चाचा-चाची आणि चार मुले. गड सर करायचा नव्हता. दादीमांचे गुडघे आणि धाकट्याचे वय लक्षात घेऊन पायथ्याशीच दिवस काढायचा, शेते आणि फुले पाहायची आणि थोरल्या मुलीला तिच्या कॅमेऱ्याची हौस भागवू द्यायची, एवढाच बेत होता.

वाट

फजर झाल्याबरोबर निघालो. शहाड, कांबा, वरप करत रायत्याला उल्हास नदी ओलांडली. कल्याणहून मुरबाड साधारण ३० किलोमीटर. मुरबाडला माळशेज घाटाचा रस्ता सरळ पुढे जातो. तो सोडून उजवीकडे म्हसा-कर्जतच्या रस्त्याला लागायचे. म्हसा हे गाव आपल्यातल्या बऱ्याच जणांना तिथल्या यात्रेमुळे ठाऊक असेल. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या त्या यात्रेत बैलांचा मोठा बाजार लागतो, घोंगड्या विकायला येतात आणि लांबलांबहून माणसे जमतात. ऑक्टोबरमध्ये मात्र म्हसा शांत होते. चहाच्या टपरीवर दोन-चार माणसे, बाजूला एसटीची वाट पाहणाऱ्या बायका.

म्हशाच्या पुढे सह्याद्रीची भिंत समोर येते. डाव्या हाताला गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके आणि समोर रुंद खांद्यांचा सिद्धगड. उंची तीन हजार फुटांहून अधिक. वरचा कडा उभा आणि अवघड, त्याच्या कमरेशी एक मोठी सपाटी. त्या सपाटीला माची म्हणतात. सिद्धगडवाडी ही आदिवासी वस्ती मूळची या माचीवरची. त्याच्याही मागे भीमाशंकरचे रान. १९८५ साली जाहीर झालेल्या भीमाशंकर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरले आहे. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू, म्हणजे ती मोठी लालसर खार, याच रानातली.

नारिवलीकडून पुढे रस्ता अरुंद होतो. वाटेत धरणाचे निळे पाणी लागते आणि शेवटी बोरवाडीच्या बाजूला झाडीत गाडी थांबते.

सकाळचा डोंगर आणि दुपारचा डोंगर

पोहोचताच मुलांनी डोंगराचे फोटो काढायला सुरुवात केली आणि हिरमुसली. डोंगर काळा येत होता आणि आकाश पांढरे फटक. कारण साधे आहे. सह्याद्रीची ही बाजू पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागे असतो, त्यामुळे कडा सावलीत राहतो. दुपारी तीननंतर सूर्य आपल्या पाठीशी येतो आणि मग कड्याची एकेक घडी दिसू लागते. तेव्हा इकडे येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: सकाळ शेतांची, दुपार डोंगराची.

सकाळच्या त्याच उजेडात समोरचे भात मात्र झगमगत होते. ओंब्यांच्या मागून ऊन आले की प्रत्येक कुसळाला सोनेरी कड येते. थोरली बांधावर बसून कॅमेरा खाली, ओंब्यांच्या उंचीला नेऊन फोटो घेत होती. मोबाइलवाल्या मुलांना तिने एकच गोष्ट शिकवली: पडद्यावर उजळ भागावर बोट ठेवा, मग बोट किंचित खाली सरकवा. फोटो थोडा गडद होतो आणि रंग उडून जात नाहीत. बाकी काही शिकवण्याची गरज पडली नाही. एवढ्याने मुलांचे तास-दीड तास कसे गेले कळले नाही.

बांधावर तेरडा होता, पिवळी सोनकी होती, कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे होते. ओढ्याच्या काठी कळलावीची एक-दोन फुले उशिरापर्यंत टिकून होती. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे हे फूल मुलांना तोडावेसे वाटते, पण त्याचा कंद विषारी असतो, म्हणून बघायचे आणि फोटोतच न्यायचे. वरच्या उतारांवर कारवीची दाट झुडपे दिसत होती. कारवीला फुलोरा साधारण सात वर्षांनी एकदाच येतो. तिच्या सरळ काठ्या मात्र दरवर्षी उपयोगी पडतात. त्या शेजारी शेजारी बांधून, वर शेणमातीचा लेप देऊन वाडीतल्या घरांच्या भिंती उभ्या राहतात. त्यांना कुडाच्या भिंती म्हणतात.

झाडाखालची वर्तुळे

दुपारी एका आंब्याखाली चटया अंथरल्या. आधी ओढ्यावर वुजू करून जोहरची नमाज झाली, मग दस्तरखान मांडला. खिमा, चपात्या, उकडलेली अंडी आणि चाचींनी पहाटे उठून केलेली घावणे. जेवता जेवता धाकट्याचे लक्ष चटईवर पडलेल्या उन्हाच्या ठिपक्यांकडे गेले. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, मग खाली पडणारे ठिपके सगळे गोल कसे?

प्रश्न चांगला होता. झाडाच्या पानांमधली प्रत्येक बारीक फट एका भिंगाविना कॅमेऱ्याचे काम करते. खाली पडलेला ठिपका हे फटीचे रूप नसते, ते सूर्याचे चित्र असते. म्हणून तो गोल. फट जितकी उंच तितके वर्तुळ मोठे, उंचीच्या साधारण शंभराव्या भागाएवढे. सूर्यग्रहण असले की याच झाडाखाली सगळे ठिपके चंद्रकोरीसारखे होतात.

ही गोष्ट हजार वर्षांपूर्वी ज्याने मन लावून तपासली, त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. इब्न अल-हैसम. जन्म बसऱ्यातला, ९६५च्या सुमाराचा. आयुष्यातला मोठा काळ कैरोत गेला. डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, असे त्या काळी पुष्कळ विद्वान मानत. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात येतो तेव्हा आपल्याला दिसते, हे इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’ या सात भागांच्या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे मांडले. ग्रहणाच्या वेळी बारीक छिद्रातून पडणाऱ्या चंद्रकोरीवर त्यांनी वेगळा प्रबंधही लिहिला. अंधाऱ्या खोलीतल्या छिद्रातून येणारा उजेड ते अभ्यासत. पुढे युरोपात अशा खोलीला जे लॅटिन नाव मिळाले, त्यातूनच ‘कॅमेरा’ हा शब्द आला. त्याचा मूळ अर्थ खोली एवढाच.

मुलांनी लगेच एका पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडले आणि सूर्याचे इवलेसे चित्र चटईवर पाडून पाहिले. सूर्याकडे थेट बघायचे नाही, पाठ करून खाली बघायचे, एवढी ताकीद मात्र दिली. घरातही हा प्रयोग करता येतो. भर दुपारी खोलीत पूर्ण अंधार करायचा, खिडकीवर लावलेल्या पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडायचे. समोरच्या भिंतीवर रस्ता उलटा दिसतो.

दोन नावे

जेवणानंतर चालत हुतात्मा स्मारकाकडे गेलो. झाडीतली ही जागा शांत आहे. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ही दोन नावे मुलांनी मोठ्याने वाचली आणि विचारले, हे कोण?

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानचा, एका नाभिक कुटुंबातला. गरिबीतून शिकून ते वकील झाले. मुंबईत वकिली करून पैसा मिळवता आला असता, पण ते कर्जत-माथेरानकडेच राहिले. गावोगाव शाळा सुरू केल्या. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या शेतकऱ्याला हंगामात दाणा मिळावा म्हणून धान्याच्या कोठ्या काढल्या. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ही घोषणा सुचवणारे युसूफ मेहेरअली त्या वर्षी मुंबईचे महापौर होते, हे आपल्या घरांतून आवर्जून सांगायला हवे. मैदानावरचे दोन शब्द डोंगरात पोहोचले. कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभा केला. मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना आणि रेल्वेला वीज नेणारे मनोरे सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत दस्त्याने पाडले. म्हणजे याच शरदात, याच पिवळ्या भातांच्या कडेने ती माणसे रात्री चालत असतील. पाठीमागे पोलीस, डोक्यावर बक्षीस.

पुढे त्यांचा मुक्काम सिद्धगडच्या या रानात होता. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी तो घेरला. गोळीबारात हिराजी पाटील पडले. जखमी कोतवालांनाही गोळी घालण्यात आली. कोतवाल तेव्हा अवघ्या ३० वर्षांचे होते. दरवर्षी २ जानेवारीला इथे माणसे जमतात आणि दोघांना मानवंदना देतात.

मुले गप्प झाली होती. थोरलीने कॅमेरा गळ्यातच ठेवला होता. अब्बा म्हणाले, “काढ की फोटो.” तिने एकच फोटो काढला. त्यात स्मारकापुढे उभ्या दादीमा आहेत, डोक्यावर पदर घेतलेल्या, हात दुवेला उचललेले.

आजींचा प्रश्न

खरी गोष्ट घडली ती परतताना, वाडीच्या कडेला. एका शेतात हळव्या भाताची कापणी चालू होती. दोन बायका आणि एक तरुण विळ्याने कापत होते, मागे कापलेले भात वाळायला पसरलेले होते. बांधावर एक आजी बसल्या होत्या. थोरलीने कॅमेरा खाली ठेवून विचारले, “आजी, फोटो काढू का?”

आजींनी तिच्याकडे जरा वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “काड ना. समदीच काडतान. पन काडला त्यो दिवाला कोन येत नाय.”

दादीमा त्यांच्याशेजारी बांधावर टेकल्या. दोघींचे वय सारखेच असावे. हळूहळू कळले ते असे. गडावर जाणारी पोरे-पोरी पावसाळ्यात आणि नंतर दर शनिवार-रविवारी इथून जातात. चांगली असतात, पाणी मागतात, बोलतात. दोन वर्षांपूर्वी असाच एक घोळका आला होता. त्यांनी आजी आणि आजोबांना ओट्यावर शेजारी बसवले, फोटो काढला, दाखवलाही. दोघे हसले होते. पुढच्या उन्हाळ्यात आजोबा गेले. घरात त्यांचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, ओळखूही न येणारा. “आमचा म्हातारा आता कोनाच्या तरी मोबाईलमदे बसला आसंल,” आजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण आमच्यापैकी कुणालाच लगेच काही बोलता आले नाही.

आपण सगळे विचार करू. आपल्या मोबाइलमध्ये आज किती अनोळखी माणसे आहेत? बाजारातली भाजीवाली, दर्ग्याच्या पायरीवरचे बाबा, सहलीत भेटलेली पोरे. आपण त्यांना ‘छान फोटो’ म्हणून ठेवतो, चार जणांना पाठवतो आणि विसरतो. त्या माणसाच्या घरी कदाचित त्याचा एकही फोटो नसतो. आपल्याला जो हजारातला एक, तो त्यांना एकुलता एक.

दादीमा परतीच्या गाडीत म्हणाल्या, “कुणाचा चेहरा आपल्याजवळ ठेवला, तर ती अमानत झाली. अमानत ज्याची त्याला पोहोचवायची असते.” यावर आणखी काही सांगण्याची गरज नव्हती.

त्या दुपारी थोरलीने आजींचा फोटो काढला. आजी आधी घरात जाऊन लुगडे बदलून आल्या, केसांना पाणी लावून आल्या. आपला फोटो कसा यावा हे ठरवण्याचा हक्क त्यांचा होता. कापणी करणाऱ्या दोघींपैकी एकीने नको म्हटले. तिचा काढला नाही. दुसरी म्हणाली, विळा हातात असताना काढा, मुलाला मुंबईला पाठवायचा आहे. तरुणाला बैलासोबत हवा होता. वाडीतली मुलेही जमली. मग वाडीतल्याच एका मुलीच्या हातात कॅमेरा देऊन थोरलीने तिला फोटो घ्यायला शिकवले. त्या मुलीने पहिला फोटो काढला तो आमच्या दादीमांचा आणि तिच्या आजीचा, दोघी बांधावर बसलेल्या. दिवसभरातला सगळ्यात सुंदर फोटो तोच आहे.

तोवर साडेचार वाजले होते. मान वर केली तर सकाळचा काळा डोंगर तांबूस-सोनेरी झाला होता. कड्यावरच्या भेगा, माचीचे गवत, सुकत आलेल्या धबधब्याची पांढरी रेघ, सगळे स्वच्छ. मुलांनी मनसोक्त फोटो घेतले. ऑक्टोबरात सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो, पण रानाजवळचा रस्ता अंधारात नको म्हणून आम्ही आधीच निघालो.

पोहोचवणी

घरी आल्यावर त्या आठवड्यात १४ फोटो निवडून कागदावर छापून घेतले. एका लहान फोटोचा खर्च एका वडापावापेक्षा जास्त येत नाही. आजींचा मोठा करून त्याला काच आणि चौकट लावली. पोस्टाने पाठवण्याचा विचार आला होता, पण दादीमांनी तो मोडला. मग २ जानेवारीला, मानवंदनेच्या दिवशीच, आम्ही पुन्हा गेलो. भात केव्हाच कापून झाले होते, खळ्याशेजारी पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या, डोंगर तपकिरी झाला होता. आजींनी चौकट दोन्ही हातांनी घेतली, पदराने काच पुसली आणि सुनेला खिळा शोधायला सांगितले. आजोबांचा तो फोटो मात्र अजून कुणाच्या तरी मोबाइलमध्येच आहे. सिद्धगडला जाऊन आलेल्या कुणाजवळ ओट्यावर बसलेल्या हसऱ्या म्हातारा-म्हातारीचा फोटो असेल, तर त्यांनी तो छापून बोरवाडीच्या बाजूला एकदा जरूर न्यावा.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. ऑक्टोबरचे पहिले तीन आठवडे सगळ्यात चांगले. पाय झाकणारे बूट घाला, कारण गवतात साप असतात. पाणी आणि जेवण घरून न्या, आणि रिकाम्या बाटल्या, पिशव्या परत आणा. ओढ्याकाठी प्लास्टिकचे ढीग आम्ही पाहिले. ते वाडीतल्या माणसांनी टाकलेले नव्हते. फुलांचा फोटो काढायला सोनकीच्या ताटव्यात शिरू नका, कडेला बसूनही तो घेता येतो. गडाच्या वरच्या कड्यावर लहान मुलांना नेऊ नका. तिथे जायचेच असेल तर वाडीतला वाटाड्या घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. कुणाचाही फोटो काढण्याआधी विचारा. ‘नको’ म्हणाले तर हसून सलाम करा आणि पुढे जा. ‘हो’ म्हणाले तर नाव आणि वाडी लिहून घ्या, म्हणजे फोटो कुठे पोहोचवायचा ते कळेल.